त्सुनामी लाटांचे शास्त्र आणि आपला किनारा

(किनारी तालुक्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



दिनांक २६ डिसेंबर २००४ रोजी, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास, सुमात्रा बेटाच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाखाली ९.१ महत्तेचा भूकंप झाला. त्यातून उद्भवलेली लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचली तेव्हा नऊ वाजून गेले होते. मधला काळ सुमारे अडीच तासांचा होता. रविवारची सकाळ होती. किनाऱ्यावर लोकांचे नेहमीचे व्यवहार चालू होते आणि समुद्रातून काय येत आहे, याची कोणालाही कल्पना नव्हती. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हिंदी महासागराच्या काठच्या चौदा देशांत मिळून ही संख्या सव्वादोन लाखांच्या घरात गेली.

समुद्राने अडीच तासांची मुदत दिली होती. ती वापरावयाची कशी, हे आपणास ठाऊक नव्हते. त्सुनामी लाटेचे शास्त्र आपण सर्वांनी समजून घ्यावयाचे ते याच कारणासाठी. हे शास्त्र अवघड नाही. माध्यमिक शाळेतील भौतिकी ज्याला येते त्याला ते कळू शकते, आणि एकदा कळले म्हणजे किनाऱ्यावर काय करावे व काय करू नये, हे त्यातून आपोआप निष्पन्न होते.

नावाचा अर्थ

'त्सुनामी' हा जपानी शब्द आहे. 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. बंदरातील लाट, असा त्याचा सरळ अर्थ. खोल समुद्रात होडीखालून ही लाट गेली तरी मच्छीमारास तिचा पत्ता लागत नाही. बंदरात मात्र तीच लाट सर्वनाश करते. लाट खोल पाण्यात दिसत नाही आणि उथळ पाण्यात आवरत नाही, हे तिचे मुख्य लक्षण या नावातच आलेले आहे.

या लाटेस पूर्वी 'भरतीची लाट' असे म्हटले जाई. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाशी तिचा काहीही संबंध नसल्याने ते नाव आता टाकून दिले गेले आहे. तथापि एका बाबतीत भरतीची उपमा उपयुक्त आहे, व तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

लाट कशी जन्मते

पृथ्वीचे कवच अनेक प्रचंड भूपट्टांचे बनलेले आहे. काही ठिकाणी एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली अत्यंत मंद गतीने घुसत असतो. दोहोंमधील सांधा घर्षणाने अडकून राहतो, वरच्या भूपट्टाची कड खाली ओढली जाते आणि शेकडो वर्षे ताण साठत जातो. अखेर सांधा सुटतो व वाकलेली कड झटक्यासरशी वर उसळते. तिच्यावरील पाण्याचा संपूर्ण स्तंभही तिच्याबरोबर उचलला जातो. २००४ साली फुटलेला सांधा सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांब होता. सर्व सांधा फुटावयास काही मिनिटे लागली. एवढ्या अवधीत इतक्या विस्तीर्ण क्षेत्रावरचे पाणी बाजूस वाहून जाऊ शकत नाही. म्हणून समुद्रतळाचा जो उंचवटा झाला तोच समुद्राच्या पृष्ठभागावर उमटला, आणि गुरुत्वाकर्षणाने खाली येताना तो दोन्ही बाजूंस लाटांच्या रूपाने पसरला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक मोठ्या भूकंपाने त्सुनामी येते असे नाही. दिनांक ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस समुद्रात ८.६ महत्तेचा भूकंप झाला. पण त्यात भूकवचाचे तुकडे एकमेकांस घासून आडवे सरकले. पाणी फारसे उचलले गेले नाही व लाटाही किरकोळच आल्या. भूकंपाइतकेच महत्त्व समुद्रतळाच्या उभ्या हालचालीला आहे. समुद्रातील दरडी कोसळण्यामुळे आणि ज्वालामुखीच्या स्फोटामुळेही त्सुनामी निर्माण होऊ शकते. १८८३ साली क्राकाटोआच्या स्फोटात जे सुमारे छत्तीस हजार लोक दगावले, त्यांपैकी बहुतेकांचा बळी लाटांनी घेतला.

लांबीचे महत्त्व

त्सुनामी म्हटली की भिंतीसारखी उभी, उंच लाट डोळ्यांपुढे येते. चित्रांनी आणि चित्रपटांनी हा समज दृढ केला आहे. वस्तुतः या लाटेचे सारे सामर्थ्य तिच्या लांबीत आहे.

लाटेच्या उंचवट्यास शीर्ष आणि खोलगट भागास द्रोणी म्हणतात. एका शीर्षापासून पुढील शीर्षापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. वाऱ्याने उठणाऱ्या लाटेची तरंगलांबी सामान्यतः काही दशक मीटरांपासून शे-दोनशे मीटरांपर्यंत असते व एकामागून एक लाट पाच ते पंधरा सेकंदांनी येते. अशा लाटेचा प्रभाव तरंगलांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतच पोहोचतो. शंभर मीटर लांबीच्या लाटेखाली पन्नास मीटरांवरील पाणी जवळजवळ स्थिर असते. वादळातही समुद्राच्या खोल भागात शांतता असते ती यामुळे.

त्सुनामीची तरंगलांबी खोल समुद्रात शंभर ते काही शे किलोमीटर असते आणि दोन शीर्षांमधील काळ दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत असू शकतो. महासागराची सरासरी खोली मात्र चार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे लाटेच्या लांबीपुढे महासागरही उथळच ठरतो. परिणामी पृष्ठभागापासून तळापर्यंतचे सगळे पाणी पुढेमागे हालते. चार किलोमीटर खोलीचा पाण्याचा स्तंभ हालविणारी लाट वर केवळ अर्धा मीटर उंच दिसते, आणि तो अर्धा मीटरही शेकडो किलोमीटरांत पसरलेला असल्याने जहाजावरील माणसास जाणवत नाही. २००४ साली भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी 'जेसन-१' हा उपग्रह बंगालच्या उपसागरावरून गेला, तेव्हा खुल्या समुद्रात लाटेची उंची सुमारे ६० सेंटिमीटर असल्याचे त्याच्या मापनावरून दिसून आले. किनाऱ्यावर हाहाकार उडविणारी लाट ती हीच होती.

वेगाचे गणित

लांब लाटेचा वेग केवळ पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. मीटरमधील खोलीस ९.८ या गुरुत्व त्वरणाने गुणावे व गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. येणारी संख्या म्हणजे लाटेचा दर सेकंदास मीटरमधील वेग. खोली ४००० मीटर असेल तर वेग सेकंदास सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरांहून अधिक येतो. हा जेट विमानाचा वेग झाला. खोली १०० मीटर असता तो ताशी ११३ किलोमीटर आणि १० मीटर असता ताशी ३६ किलोमीटर होतो. किनाऱ्याजवळ लाट मंदावते खरी. पण तेव्हाही ती धावणाऱ्या माणसास गाठते.

शिक्षक बंधूंना हा नियम वर्गात सहज दाखविता येईल. एक मीटर लांबीचे पत्र्याचे उथळ तबक घ्यावे. त्यात एक सेंटिमीटर पाणी घालून एक टोक किंचित उचलावे व लगेच खाली ठेवावे. पाण्याची एक लाट या टोकाकडून त्या टोकाकडे जात राहते. दोन हेलपाटे, म्हणजे चार मीटर अंतर, तोडण्यास तिला सुमारे तेरा सेकंद लागतील. मग पाणी चार सेंटिमीटर करावे. वेळ जवळजवळ निम्मा होईल. खोली चौपट, तर वेग दुप्पट. चिलीहून निघून जपानकडे जाणाऱ्या लाटेसही हाच नियम लागू पडतो.

ऊर्जेचा हिशोब

आता ऊर्जेकडे वळू. उचललेल्या पाण्यात स्थितिज ऊर्जा साठते आणि तीच पुढे लाटेची गतिज व स्थितिज ऊर्जा बनते. ढोबळ उदाहरण म्हणून १००० किलोमीटर लांब व १०० किलोमीटर रुंद क्षेत्रावरील समुद्राची पातळी एकदम दोन मीटरांनी उंचावली असे समजू. खाऱ्या पाण्याची घनता व गुरुत्व त्वरण धरून हिशोब केला, तर साठलेली ऊर्जा विजेच्या मापाने सुमारे ५५ कोटी युनिट भरते. आपल्या कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॉट आहे. सर्व संच रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालविले, तर एवढी वीज निर्माण करावयास जवळजवळ बारा दिवस लागतील. समुद्र ती काही मिनिटांत साठवितो. त्यातही विशेष हे की, २००४ च्या भूकंपात मोकळ्या झालेल्या एकूण ऊर्जेपैकी एक टक्काही लाटेच्या वाट्यास आला नव्हता.

ही ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पातळी दुप्पट उचलली गेली तर ऊर्जा चौपट होते. शिवाय ती वाटेत फारशी खर्चही होत नाही. लहान लाटा पाण्याच्या घर्षणाने लवकर विरतात. शेकडो किलोमीटर लांबीच्या लाटेस मात्र घर्षण जवळजवळ बाधत नाही. दिनांक २२ मे १९६० रोजी चिली देशाच्या किनाऱ्यावर ९.५ महत्तेचा भूकंप झाला. त्याची लाट सुमारे पंधरा तासांनी हवाई बेटांवरील हिलो शहरी पोहोचली व तेथे ६१ जण मरण पावले. पुढे, भूकंपानंतर सुमारे बावीस तासांनी, तिने जपानच्या किनाऱ्यावर सुमारे १४० जणांचे प्राण घेतले. अर्धी पृथ्वी ओलांडूनही तिच्यात एवढे बळ शिल्लक होते.

ऊर्जा सर्व दिशांस सारखी जात नाही, हेही समजून घेणे अवश्य आहे. ती प्रामुख्याने फुटलेल्या सांध्याच्या काटकोनात जाते. २००४ साली सांधा दक्षिणोत्तर होता. म्हणून पूर्वेस थायलंड आणि पश्चिमेस श्रीलंका व तामिळनाडू यांना तडाखा बसला. भूकंपाच्या नाभीपासून पाच हजार किलोमीटरांच्या आसपास असलेल्या सोमालियात सुमारे तीनशे माणसे दगावली. उत्तरेकडील बांगलादेश मात्र त्या मानाने बचावला. तथापि आडोशास असलेला किनारा निर्धोक असतो असेही नाही. लाट श्रीलंकेस व भारताच्या दक्षिण टोकास वळसा घालून केरळात पोहोचली आणि तेथे शंभराहून अधिक लोकांचा बळी गेला.

किनाऱ्याजवळ काय घडते

लाट उथळ पाण्यात शिरली की पुढचा भाग मंदावतो व मागून येणारे पाणी त्यावर साचू लागते. वाहून येणारी ऊर्जा तीच. पण वेग घटल्यामुळे ती कमी जागेत कोंबली जाते व उंची वाढते. गणित असे सांगते की, खोली सोळाव्या हिश्श्यावर आली म्हणजे लाटेची उंची दुप्पट होते आणि तिचा वेग व तरंगलांबी एकचतुर्थांश होतात. ४००० मीटर खोलीवर अर्धा मीटर उंच आणि २०० किलोमीटर लांब असलेली लाट २५० मीटर खोलीवर एक मीटर उंच व ५० किलोमीटर लांब होईल. सुमारे १६ मीटर खोलीवर ती दोन मीटर उंच व साडेबारा किलोमीटर लांब असेल. त्यापुढे उतार, आखाताचा आकार व खाडीचे निमुळते तोंड यांमुळे तिची उंची कित्येक पटींनी वाढू शकते. दिनांक ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर काही ठिकाणी पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे चाळीस मीटर उंचीपर्यंत चढले होते.

येथेच लांबीचे खरे मर्म कळते. तीन मीटर उंचीची वाऱ्याची लाट किनाऱ्यावर फुटते आणि काही सेकंदांत मागे सरते. तीन मीटर उंचीची त्सुनामी फुटून संपत नाही. तिच्या मागे किलोमीटरच्या किलोमीटर पाणी असते व ते दहा-दहा मिनिटे आत येतच राहते. तीन मीटर खोलीचा प्रवाह सेकंदास पाच मीटर वेगाने दहा मिनिटे आत आला, तर किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे नऊ हजार टन पाणी गावात शिरते.

भरतीच्या उपमेचा उपयोग आहे तो या ठिकाणी. भरती हीसुद्धा एक अतिशय लांब लाटच आहे. पुळणीवर फुटणारी लाट खाडीच्या तोंडाशी विरते. पण भरती खाडीत कोसच्या कोस आत जाते. दाभोळच्या खाडीने ती चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत पोहोचते, हे आपण नित्य पाहतो. त्सुनामी ही काही मिनिटांत येणारी भरतीच समजावी. म्हणून खाडीच्या आत, समुद्र दिसतही नाही अशा ठिकाणी वसलेल्या सखल वाड्यांनीही स्वतःस सुरक्षित मानू नये.

प्रवाहाचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदास पाच मीटर वेगाने वाहणारे कमरेइतके पाणी उभ्या माणसावर सुमारे पाच क्विंटल वजनाइतका रेटा देते. शिवाय त्यात वासे, होड्या, वाहने व भिंतींचे तुकडे असतात. पोहता येणे किंवा न येणे यास अशा पाण्यात फारसा अर्थ उरत नाही.

समुद्र मागे हटतो तेव्हा

त्सुनामीपूर्वी समुद्र मागे हटतो, असे सर्वत्र सांगितले जाते. हे अर्धे सत्य आहे. लाटेची द्रोणी आधी आली तर पाणी ओसरून तळ उघडा पडतो. शीर्ष आधी आले तर पाणी सरळ चढू लागते. २००४ साली फुटलेल्या सांध्याच्या पूर्वेकडील समुद्रतळ खचला व पश्चिमेकडील उचलला गेला. म्हणून थायलंडात प्रथम समुद्र ओसरला आणि भारत व श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाणी प्रथमच चढून आले. अवेळी, एकाएकी समुद्र हटलेला दिसला तर क्षणाचाही विलंब न लावता उंचावर जावे. परंतु तो हटला नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये.

दुसरी चूक पहिल्या लाटेनंतर परत फिरण्याची. त्सुनामीत लाटांची मालिका असते व पहिलीच लाट सर्वांत मोठी असते असे नाही. हिलो येथे १९६० साली भोंगे वाजले होते. तरीही अनेक लोक सखल भागात थांबले, आणि पहिल्या लहान लाटांनंतर आलेल्या मोठ्या लाटेने घात केला. दोन लाटांमध्ये पाऊण तास ते तासभर अंतर असू शकते. म्हणून अधिकृत सूचना मिळेपर्यंत खाली उतरू नये.

अरबी समुद्र आणि आपण

हे सारे पूर्व किनाऱ्याचे झाले. आपल्या कोकणास त्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासातच आहे. पाकिस्तान व इराण यांच्या दक्षिणेस मकरानचा किनारा आहे. तेथे अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली घुसतो. दिनांक २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास तेथे ८.१ महत्तेचा भूकंप झाला. त्याच सकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटर उंचीच्या लाटा आल्या, होड्या नांगरावरून सुटल्या आणि काही माणसे वाहून गेली.

या घटनेस आपण आताच पाहिलेला वेगाचा नियम लावून पाहू. मकरानहून मुंबईचे अंतर अकराशे-बाराशे किलोमीटर आहे. त्यातील पहिले साडेआठशे किलोमीटर खोल समुद्राचे. सरासरी खोली ३००० मीटर धरली तर ते दीड तासाच्या आतच संपते. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन मात्र सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. तेथे सरासरी खोली ७० मीटर धरली, तर लाटेचा वेग ताशी ९५ किलोमीटरांच्या आसपास उतरतो व एवढेच अंतर तोडण्यास तिला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. एकूण सुमारे साडेचार तास झाले. रुंद, उथळ समुद्रतळाने आपल्यास दिलेली ही मोठी सवलत आहे.

परंतु या सवलतीबरोबर एक अडचणही आहे. इतक्या दूरचा भूकंप कोकणात बहुधा जाणवणार नाही. जमीन हादरली की पळावे, हा किनाऱ्यावरील सर्वांत जुना व सर्वांत विश्वासार्ह इशारा येथे मिळणार नाही. म्हणजे आपणास वेळ पुष्कळ आहे. पण तो केवळ बाहेरून आलेल्या संदेशावरच वापरता येईल. त्यात आपल्याकडे भरती-ओहोटीतील फरक मोठा आहे. मुंबईस उधाणाच्या दिवशी तो चार ते पाच मीटर असतो. ओहोटीच्या वेळी आलेली दोन मीटरची लाट पुळणीवरच जिरेल. तीच उधाणाच्या भरतीवर आली तर वस्तीत शिरेल. संदेश हाती आल्यावर भरतीची वेळ पाहणे हे पहिले काम होय.

इशाऱ्याची यंत्रणा

२००४ साली हिंदी महासागरासाठी इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. आज ती आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे. भूकंपाच्या लहरी जमिनीतून सेकंदास कित्येक किलोमीटर वेगाने येतात, पाण्याची लाट त्यामानाने फार मागून येते. या फरकावरच सारी पूर्वसूचना आधारलेली आहे. भूकंपाची जागा व महत्ता कळताच पहिली सूचना काही मिनिटांत निघते.

त्यानंतर लाट खरोखर निर्माण झाली आहे काय, हे समुद्रतळावरील दाबमापक सांगतात. लाटेमुळे पाण्याची पातळी सेंटिमीटरभर चढली तरी कित्येक किलोमीटर खाली दाबात होणारा बदल या उपकरणास कळतो. वाऱ्याच्या लाटा तळापर्यंत पोहोचतच नसल्याने वादळातही त्याची फसगत होत नाही. पूर्ण खोलीचे पाणी हालविणारी लांब लाटच तेवढी त्यास जाणवते. ज्या गुणामुळे लाट विनाशक ठरते, त्याच गुणामुळे ती खोल समुद्रात पकडली जाते.

हैदराबादहून निघालेला संदेश राज्याच्या व जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षापर्यंत येतो. तेथून वाडीतील शेवटच्या घरापर्यंत तो नेणे हे कोणत्याही उपकरणाचे काम नव्हे. ते तुमचे-आमचे काम आहे.

गावाने काय करावे

इंडोनेशियातील सिमेलुए बेटाचे उदाहरण मला या संदर्भात सर्वांत बोलके वाटते. तेथे १९०७ साली त्सुनामी आली होती. लोकांनी तिला 'स्मोंग' हे नाव दिले, आणि जमीन जोराने हादरून समुद्र हटला की डोंगराकडे धावा, ही शिकवण गाण्या-गोष्टींतून मुलाबाळांपर्यंत पोहोचविली. २००४ च्या भूकंपाची नाभी या बेटापासून जवळच होती. बेटाची लोकसंख्या अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास असताना तेथे लाटेत दगावले ते केवळ सात जण.

जपानमध्ये हिरोगावा गावचे पुढारी हामागुची गोर्यो यांनी १८५४ सालच्या त्सुनामीत भाताच्या गंजी पेटवून अंधारात लोकांस उंचावरची वाट दाखविली. पुढे त्यांनी गावकऱ्यांना मजुरी देऊन समुद्रकाठी बांध बांधविला; १९४६ च्या त्सुनामीत त्या बांधाने गावाचा बराच भाग राखला. त्यांच्या कार्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी जागतिक त्सुनामी जागृती दिन म्हणून ठरविला आहे. २०११ साली जपानच्याच कामाइशी शहरात माध्यमिक शाळेची मुले शिकविल्याप्रमाणे धावत सुटली व वाटेतील प्राथमिक शाळेच्या मुलांनाही हाताशी धरून उंचावर घेऊन गेली. त्या शहरातील शाळांची जवळजवळ तीन हजार मुले वाचली. उलट त्याच किनाऱ्यावरील तारो या गावाच्या दहा मीटर उंचीच्या प्रसिद्ध भिंतींवरून पाणी पलीकडे गेले. भिंती, सुरूची बने व कांदळवने पाण्याचा जोर कमी करतात, ती राखलीच पाहिजेत. पण ती माणसाच्या शहाणपणाची जागा घेऊ शकत नाहीत.

आपल्या देशातही या दिशेने पावले पडली आहेत. ओडिशातील व्यंकटरायपूर व नोलियासाही या दोन गावांना २०२० साली युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागर आयोगाने 'त्सुनामी-सज्ज' म्हणून मान्यता दिली. किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीस पुढील कामे करता येतील.

पहिले, गावाच्या नकाशावर सखल वाड्या आणि त्यांच्या जवळची उंच जागा दाखवावी. कोकणात डोंगर किनाऱ्यापासून दूर नाही. पुष्कळ ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर सडा किंवा टेकडी आहे. ती वाट दगडी खुणांनी व फलकांनी ठळक करावी, आणि रात्री व पावसाळ्यातही ती चालण्याजोगी ठेवावी.

दुसरे, संदेश कोण घेईल, वीज व दूरध्वनी बंद असता तो कोणत्या भोंग्याने, घंटेने वा दवंडीने दिला जाईल, आणि अपंग, वृद्ध व आजारी माणसांना कोण नेईल, हे नावनिशीवार ठरवावे.

तिसरे, मच्छीमार सोसायट्यांना हे समजावून द्यावे की, समुद्रात असलेल्या नौकांनी संदेश मिळताच बंदराकडे धाव घेऊ नये. खोल पाण्यात लाट निरुपद्रवी असते, बंदरात ती घातक ठरते. किनाऱ्यावर असलेल्या माणसाने मात्र होडी वाचविण्यासाठी पाण्यात जाऊ नये.

चौथे, शाळेने वर्षातून एकदा तरी मुलांना ठरलेल्या वाटेने उंचावर चालत नेऊन वेळ मोजावा. मुलाने एकदा चाललेली वाट त्याच्या घरास कळते.

मित्रहो, मकरानचा सांधा पुन्हा केव्हा सुटेल, याचा दिवस कोणतेही शास्त्र आज सांगू शकत नाही. पण तो सुटल्यानंतर लाटेस येथे पोहोचावयास किती वेळ लागेल, ती खाडीत कशी शिरेल आणि किती काळ परतून येत राहील, हे शास्त्र आधीच सांगते. २००४ साली अडीच तास फुकट गेले. कोकणास साडेचार तास मिळण्याचा संभव आहे. त्यातील एक तास संदेश येण्यात गेला, दुसरा तो खरा की खोटा या चर्चेत गेला आणि तिसरा वाट शोधण्यात गेला, तर उरलेला वेळ पुरेल याचा भरवसा नाही. हे तीन तास आज, समुद्र शांत असताना, आपण वाचवू शकतो. आपापल्या गावी परतल्यावर नकाशा उलगडून पहिली उंच जागा शोधण्याचे काम आपण हाती घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.